अंघोळ राहिली तरी चालेल, मान राहिला पाहिजे

सकाळी साडेसहाला नळाला पाणी येते आणि साडेसातला जाते. त्या एका तासात पिंप भरायचे, भांडी घासायची, मुलांना शाळेला तयार करायचे, डबा द्यायचा. त्यातच सासूबाईंना अंघोळ घालायची. सासूबाई पलंगाची कड घट्ट धरून बसतात. "माझी झाली अंघोळ. पहाटेच झाली." प्रत्यक्षात पाच दिवस झालेले असतात. सून हाताला धरून उठवू लागते, सासूबाई हात झटकतात, तांब्या पडतो, शिवी निघते. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू जाते. कोणी म्हणते, "सून छळते म्हातारीला." कोणी म्हणते, "म्हातारी नाटकं करते."

सून छळत नसते आणि सासूबाई नाटक करत नसतात. हा एक आजार आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. आपल्या वस्त्यांमध्ये अशी घरे आता कमी नाहीत. औषधाच्या चिठ्ठ्या सगळे सांभाळतात, पण रोजची अंघोळ, लघवी-संडास, दात, नखे, कपडे हे कसे करायचे ते कोणी शिकवत नाही. म्हणून या अंकात हाच पाठ घेतला आहे.

हा आजार काय आहे

म्हातारपणी थोडे विसरणे निराळे आणि स्मृतिभ्रंश निराळा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे सगळ्यांचे होते. पण चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे हा आजार आहे. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. आधी नुकतेच घडलेले विसरते, मग कामाचा क्रम विसरतो. अंघोळ आपल्याला एकच काम वाटते. खरे तर ती वीस-पंचवीस कामांची साखळी आहे: उठणे, कपडे काढणे, बसणे, तांब्या भरणे, पाणी ओतणे, साबण लावणे, पुन्हा पाणी ओतणे, पुसणे, कपडे घालणे. साखळीतली एक कडी तुटली की माणूस तिथेच थांबतो. थांबला की घाबरतो आणि घाबरला की चिडतो.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा आजार आहे. म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आढळले.

ही करणी नाही, भानामती नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अंगात आलेल्याकडे किंवा गंडेदोरेवाल्याकडे जाऊन पैसे आणि महिने वाया घालवू नयेत. सरकारी रुग्णालयात मेंदूविकार किंवा मनोविकार विभागात दाखवावे. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही माणूस विसरल्यासारखा वागतो, आणि त्यावर उपचार होतात. म्हणून एकदा तपासणी झालीच पाहिजे. अल्झायमरसारख्या प्रकारात आजार पूर्ण बरा होत नाही. तिथे घरातली देखभाल हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

तथागतांनी धुतलेला भिक्खू

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो आपल्या काही उपयोगाचा नाही म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्ध आनंदांसह फिरत तिथे आले. त्यांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले आणि आनंदांनी त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. त्यानंतर भगवंतांनी संघाला एकत्र बोलावून सांगितले, की इथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा अर्थ आहे.

आपल्या विषयासाठी यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, हे काम हलके नाही. खुद्द बुद्धांनी ते आपल्या हाताने केले. दुसरी, ते काम दोघांनी मिळून केले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने धुतले. आपल्या घरात मात्र ते एकट्या सुनेवर किंवा एकट्या लेकीवर पडते.

याच प्रकरणात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढण्याची त्याला किळस नसावी. आणि रोग्याच्या मनाला त्याला उभारी देता यावी. या आजाराच्या देखभालीला हे पाचही गुण लागतात, पण सगळ्यात जास्त दुसरा: काय मानवते आणि काय मानवत नाही हे ओळखणे.

नकार का येतो, ते आधी शोधा

"नको" म्हणण्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण असते. माणसाला ते सांगता येत नाही. ते आपण शोधायचे.

*थंडी.* म्हाताऱ्या अंगावर मांस कमी असते. आपल्याला बरी वाटणारी हवा त्यांना बोचते. मोरीला पडदाच असेल तर वारा लागतो. दार-खिडकी लावून घ्या, पंखा बंद करा, टॉवेल आणि कपडे हाताशी ठेवूनच सुरुवात करा.

*भीती.* डोक्यावरून अचानक पाणी पडले की श्वास कोंडल्यासारखा होतो. बादलीत नळाची धार पडताना होणारा मोठा आवाजही घाबरवतो. बादली आधीच भरून ठेवा. पाणी आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग हातांवर घाला. डोके शेवटी धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी धुवा.

*लाज.* हे कारण सगळ्यात मोठे असते आणि सगळ्यात कमी ओळखले जाते. जन्मभर पदर सावरलेल्या बाईचे लुगडे कोणीतरी ओढते आहे, एवढेच तिला कळते. ओढणारी आपली सून आहे हे तिला आठवत नाही. ती हात उगारते तेव्हा ती आपली अब्रू वाचवत असते. म्हणून अंगावर परकर किंवा जुनी साडी ठेवूनच अंघोळ घाला. जेवढे अंग धुवायचे तेवढेच उघडे करा. पुरुषांना कमरेला पंचा राहू द्या.

*न समजणे.* "चला, अंघोळ करा, कपडे काढा, साबण घ्या" एवढे सगळे एकदम सांगितले तर डोक्यात शिरत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि करून दाखवा.

*दुखणे.* गुडघा दुखतो, खांदा वर होत नाही, कुठे जखम आहे, पण सांगता येत नाही. कपडे काढताना चेहऱ्याकडे बघा. कपाळाला आठी पडली की थांबा.

*भास.* मोरीत आरसा असेल तर त्यात दुसरेच कोणी दिसते असे वाटू शकते. आरसा झाका. चकचकीत ओली फरशी खड्ड्यासारखी दिसते. वेगळ्या रंगाचे पायपुसणे टाकले तर पाय कुठे ठेवायचा ते कळते. पायपुसणे सरकणारे नको.

रोज अंघोळ हवीच का?

नाही. म्हाताऱ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा पूर्ण अंघोळ पुरेशी होते. रोज साबण लावल्याने त्यांची पातळ कातडी उलट कोरडी पडते आणि खाजते. मात्र काही भाग रोज स्वच्छ झालेच पाहिजेत: तोंड, हात, बगला, बायकांमध्ये स्तनांखालची जागा, जांघा, लघवी-संडासाची जागा आणि पायाच्या बोटांमधल्या फटी. एवढे ओल्या फडक्याने पुसले तर त्या दिवसाची स्वच्छता झाली.

हे कळले की घरातले निम्मे भांडण मिटते. आज नाही म्हणाल्या, तर अर्ध्या तासाने विचारा. तेव्हाही नाही म्हणाल्या, तर फडक्याने पुसा आणि उद्या बघा. पाण्याचा तास गाठायचा म्हणून अंघोळ उरकायची गरज नाही. पाणी भरून ठेवा आणि दुपारी, घर शांत झाल्यावर, ऊन असताना अंघोळ घाला. पुष्कळ आजाऱ्यांची घालमेल संध्याकाळी वाढते, म्हणून ती वेळ टाळा. त्यांची जन्मभराची सवय कोणती होती तेही आठवा. गिरणीतून किंवा साफसफाईच्या कामावरून येऊन संध्याकाळीच अंघोळ करणारा माणूस सकाळी तयार होणार नाही.

बोलायचे कसे

"अंघोळ करायची का?" असे विचारले की उत्तर "नाही" येते. "पाच दिवस झाले, वास येतो" असे म्हटले की अपमान होतो. सासूबाईंना असे म्हणून बघा:

"आई, पाय दुखत असतील ना? चला, गरम पाण्यात ठेवू."

पाय पाण्यात गेले की, "बरं वाटतंय? गुडघ्यांवर पण घालू थोडं?"

मग तांब्या त्यांच्याच हातात द्या. "तुम्ही घाला, मी पाठ चोळते."

मुलगा असेल तर तो म्हणेल, "बाबा, विहारात वंदनेला जायचंय. पांढरा सदरा काढून ठेवलाय. चला, तयार होऊ." पांढरा सदरा, पौर्णिमा, चौदा एप्रिल, या गोष्टी फार खोलवर रुजलेल्या असतात. कालचे जेवण आठवत नाही, पण वंदनेला स्वच्छ होऊन जायचे हे आठवते. विहारात जायचे म्हटले तर खरेच घेऊन जा. नाहीतर घरातच बाबासाहेब आणि तथागतांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावा. खोटे सांगून काम काढले तर शब्द विसरतात, पण फसवले गेल्याची भावना मनात राहते.

वाद घालू नका. "पहाटेच झाली माझी" असे म्हणाल्या तर "हो का? मग नुसतं तोंड-हात धुऊ" असे म्हणा. वाद जिंकून अंघोळ होत नाही.

अंघोळ, पायरी पायरीने

1. आधी सगळे सामान जवळ घ्या: बादली, तांब्या, सौम्य साबण, दोन टॉवेल, कपडे घालायच्या क्रमाने ठेवलेले. सामानासाठी मध्येच उठून जाऊ नका. माणूस एकटा राहिला की पडतो.

2. बादलीत आधी गार पाणी, मग गरम पाणी घाला. हीटरचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून आणि रॉड बाहेर काढून मगच आजाऱ्याला मोरीत आणा. पाणी आपल्या कोपरावर घालून बघा. कोमट लागले पाहिजे. मधुमेह असणाऱ्यांना चटका कळत नाही.

3. बसायला बुटका पाट नको. पाटावरून उठता येत नाही. प्लॅस्टिकची भक्कम, हात असलेली खुर्ची घ्या. खाली फरशीवर खरखरीत रबरी चटई टाका. शेवाळ धरलेली मोरी आधी घासून घ्या.

4. पायांपासून सुरुवात करा. पुढे काय करणार ते आधी सांगा: "आता हातावर पाणी घालते हं." हातात रिकामा तांब्या किंवा फडके द्या. हात कामात असला की ओरबाडणे कमी होते.

5. लघवी-संडासाची जागा शेवटी धुवा. शक्य असेल तर त्यांच्याच हातात फडके देऊन त्यांनाच पुसू द्या. बायकांमध्ये नेहमी पुढून मागे पुसावे. मागून पुढे पुसले तर संडासाचे जंतू लघवीच्या जागी जातात.

6. टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. जांघा, बगला, स्तनांखाली, बोटांच्या फटी कोरड्या करा. ओल राहिली तर तिथे गजकर्ण होते. पावडरचे थर देऊ नका, घामाने त्यांच्या गुठळ्या होतात. कोरड्या हातापायांना खोबरेल तेल लावा, पण तळपायांना लावून लगेच चालू देऊ नका.

7. मध्येच भडकले तर ओरडू नका, जबरदस्तीने पुरे करू नका. टॉवेल पांघरा, बसवा, चहा द्या. राहिलेले नंतर.

पाण्याशिवाय अंघोळ

पाणी कमी आहे, किंवा आजारी माणूस उठतच नाही, तेव्हा अंथरुणावरच अंग पुसावे. अशा पद्धतीने चिडचिड कमी होते असे अभ्यासातही दिसले आहे. अर्धी बादली कोमट पाणी, दोन-तीन सुती फडकी आणि एक चादर पुरते. चादर अंगावर राहू द्या. आधी नुसत्या पाण्याने डोळे आणि तोंड पुसा. मग हात, छाती, पोट. मग कुशीवर वळवून पाठ, मग पाय, शेवटी खालची जागा. त्या जागेचे फडके वेगळे ठेवा. एक भाग पुसून, टिपून, झाकून झाला की पुढचा भाग उघडा. सगळे मिळून वीस मिनिटे लागतात. घरातले इतर लोक तेवढा वेळ बाहेर जाऊ द्या, नाहीतर दोरीवर साडी टाकून आडोसा करा. एका खोलीच्या घरातही आडोसा होऊ शकतो.

लघवी आणि संडास

आपल्या वस्तीत संडास गल्लीच्या टोकाला असतो, रांग असते, रात्री अंधार असतो. आजारी माणसाला जागा सापडत नाही, सापडेपर्यंत थांबता येत नाही, आणि कपडे खराब होतात. त्यावर रागावून काही होत नाही. वेळा बांधा.

सकाळी उठल्यावर, प्रत्येक खाण्यानंतर, झोपण्यापूर्वी, आणि दिवसा दर दोन-तीन तासांनी आपणच न्यावे. "लागली का?" असे विचारू नका. "चला, जाऊन येऊ" असे म्हणा. चुळबुळ करणे, नाडी ओढणे, कोपऱ्याकडे जाणे या खुणा ओळखा. परकराच्या नाडीची गाठ ऐन वेळी सुटत नाही. इलास्टिकचा परकर, गाऊन किंवा लेंगा वापरा.

कपडे ओले होतील म्हणून पाणी देणे कमी करू नका. ही मोठी चूक आहे. पाणी कमी पडले की लघवीला जळजळ होते, बद्धकोष्ठ होतो आणि गोंधळ आणखी वाढतो. दिवसा पाणी भरपूर द्या. फक्त झोपण्याच्या दोन तास आधी कमी करा. चहाही तेव्हा नको.

रात्रीसाठी घरातच सोय करा. औषधाच्या दुकानात संडासची खुर्ची मिळते. परवडत नसेल तर भक्कम प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून, कडा घासून गुळगुळीत करून, खाली झाकणाची बादली ठेवतात. खुर्ची वजन पेलते का ते आधी स्वतः बसून बघा. पुरुषांसाठी लघवीचे भांडे पुरते. रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा.

अंथरुणावर गोधडीखाली मेणकापड घाला. जुन्या सुती साड्यांच्या घड्या लंगोटासारख्या वापरता येतात. त्या रोज उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. डायपर वापरत असाल तर तो ओला किंवा घाण झाला की लगेच बदला. पैसे वाचवायला रात्रंदिवस एकच ठेवला तर कातडी सोलते, आणि त्या जखमेचा खर्च डायपरपेक्षा जास्त होतो. वापरलेला डायपर संडासात टाकू नका. कागदात गुंडाळून वेगळा घंटागाडीत द्या. हाताला हातमोजा नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, आणि नंतर साबणाने हात धुवा.

कपडे खराब झाले तर मुलांसमोर, शेजाऱ्यांसमोर बोलू नका. "पाणी सांडलं वाटतं, बदलून घेऊ" एवढे पुरे. त्यांना कदाचित शब्द कळणार नाही, पण आवाज कळतो, चेहरा कळतो.

दात, केस, नखे, कपडे

*दात.* सकाळी आणि रात्री घासा. शेजारी उभे राहून आपण आपले दात घासायला लागलो की ते बघून घासतात. मऊ ब्रश घ्या, पेस्ट वाटाण्याएवढीच, कारण ती गिळली जाते. त्यांच्या तोंडात आपले बोट घालू नका. न कळून चावतात. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. आपल्या पुष्कळ आजींना मिशेरीची सवय असते. मिशेरी म्हणजे तंबाखूच. तिच्या वेळेलाच हातात पेस्ट लावलेला ब्रश द्या. दात घासण्याची हाताची सवय ब्रशवरही चालते. जेवणे अचानक कमी झाले तर तोंडात फोड किंवा दुखरा दात आहे का ते बघा.

*केस.* आठवड्यातून एकदा धुतले तरी चालतात. उवा बघा. लांब केस विंचरताना दुखत असतील तर आखूड करा, पण त्यांना विचारून. केस हा बाईचा मान असतो.

*दाढी.* पाते किंवा वस्तरा त्यांच्या हाताशी ठेवू नका. ओळखीच्या न्हाव्याला घरी बोलवा. खुर्ची, आरसा, साबणाचा फेस बघून पुष्कळ पुरुष आपोआप शांत बसतात.

*नखे.* पाय कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मग नखे कापा. सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका. मधुमेह असेल तर रोज तळपाय बघा.

*कपडे.* एकाच साडीचा हट्ट धरला तर तशाच रंगाच्या दोन ठेवा. रात्री झोपल्यावर मळलेली उचलून धुतलेली ठेवा. निवडायला दोनच पर्याय द्या: "निळी की हिरवी?" निवड त्यांची राहू द्या.

डॉक्टरांकडे केव्हा न्यायचे

अंग धुताना, पुसताना आपण सगळे शरीर बघत असतो. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही त्याची शुश्रूषा कठीण, असे विनयातही म्हटले आहे. तेव्हा आपल्या डोळ्यांनीच त्यांचे दुखणे शोधायचे.

एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, सुस्ती आली, भास होऊ लागले, तर आजार वाढला असे समजून घरी बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, बद्धकोष्ठ किंवा एखादे नवीन औषध हे कारण असू शकते, आणि ते बरे होते. लघवीला जळजळ, उग्र वास, रक्त दिसले तर त्याच दिवशी दाखवा. कंबर, माकडहाड, टाच, ढुंगणावर लाल डाग दिसला आणि दाबल्यावर पांढरा झाला नाही, तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, लाल जागा चोळू नका आणि दवाखान्यात दाखवा. अंगावर निळे-काळे वळ दिसले तर पडले का, की कोणी मारले, हेही शांतपणे विचारा.

हे एकटीचे काम नाही

हे सगळे कोण करणार? सूनबाईच सगळे करणार असतील तर सहा महिन्यांत त्याही आजारी पडतील. रागाच्या भरात एखाद दिवशी हात उगारला जातो, आणि मग त्या रात्रभर रडतात. अशा बाईला दोष देण्याआधी घरातल्या पुरुषांनी आपला वाटा विचारावा. पाणी भरणे आणि तापवणे, मोरी घासणे, मेणकापड धुणे, रात्री उठून संडासला नेणे, वडिलांची अंघोळ, रविवारची सगळी पाळी: यातले एकही काम पुरुषाला न जमणारे नाही. आजारी भिक्खूला उचलायला तथागत आणि आनंद दोघे होते.

शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडचा आवाज ऐकून चर्चा करण्यापेक्षा दार वाजवून म्हणावे, "ताई, अर्धा तास मी बसते आजींजवळ, तुम्ही पाठ टेका." विहाराच्या महिला मंडळाने अशा घरांची यादी करावी आणि आठवड्यातून एकदा कोणी ना कोणी जावे. वस्तीच्या संडासात एक भांडे उंच बसवणे, हाताने धरायला दांडी लावणे, रात्री दिवा चालू ठेवणे, हे नगरसेवकाकडे मागायचे विषय आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. काळजी घेणाऱ्याचेच मन थकले असेल तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर कधीही बोलता येते, तेही मोफत.

20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते माणूस म्हणून असलेल्या हक्कासाठी. पाणी आणि मान यांचे नाते आपल्या समाजाला नव्याने शिकवावे लागत नाही. ज्या आजीने डोक्यावर हंडे वाहून हे घर उभे केले, तिच्या अंगावर पाणी घालताना तेच नाते आठवावे. तिला आपले नाव आठवत नसेल. ती कोण आहे हे आपल्याला आठवते आहे, तेवढे पुरेसे आहे.

पाठाचा सराव

या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या तीन प्रश्नांवर बोला:

1. आपल्या गल्लीत असा आजार असलेले किती ज्येष्ठ आहेत, आणि त्यांची सेवा नेमके कोण करते?

2. मागच्या वेळी आपल्या घरात अंघोळीवरून भांडण झाले तेव्हा नकाराचे कारण काय असावे: थंडी, भीती, लाज, दुखणे, न समजणे की भास?

3. घरातल्या प्रत्येकाने आठवड्यातले कोणते एक काम आपल्याकडे घ्यायचे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून भिंतीला लावा.

नमो बुद्धाय, जय भीम.